सौजन्याचं पाणी

कडुनिंबाचा मोहोर गळून फाटकापाशी बारीक पांढरा सडा पडला, की मी ओळखते, आता नागपूरचं ऊन जवळ आलं. मोहोराचा तो गोड-कडू वास नाकात गेला की माझ्या घशाला आपोआप कोरड पडते. इतकी वर्षं झाली इथे येऊन, तरी अंगाला सवय झालेली नाही. मी समुद्राकाठची. आमच्या वेंगुर्ल्याला उन्हाळा म्हणजे घाम, चिकचिक आणि माडाच्या सावलीत पडलेली दुपार. इथलं ऊन घामसुद्धा येऊ देत नाही. आल्या आल्या पिऊन टाकतं.

परवा रामदासपेठेतल्या आमच्या इस्पितळाच्या फाटकाशी एक ट्रक थांबला आणि त्यातून स्टीलचं एक चकचकीत कपाट उतरलं. पाणी थंड करायचं यंत्र. पुढे दोन नळ, आणि वर, नळांपेक्षा तिप्पट मोठी, निळ्या अक्षरांतली पाटी: अमुक कंपनी यांच्या सौजन्याने. मांडव घातला, फीत कापली, भाषण झालं, फोटो निघाले. इस्पितळात काम करणाऱ्या आम्ही सगळ्या आया ओळीने उभ्या होतो, कारण टाळ्या वाजवायला माणसं लागतात. सगळे गेल्यावर मी ग्लास घेऊन नळाखाली धरला. कोरडा. वायरमन म्हणाला, "लाईनची मंजुरी यायची हाय बाई. यंत्र आलं, वीज नाई आली." तिकडे कोराडीच्या धुराड्यांतून रात्रंदिवस धूर निघतो, राख उडते, आमच्या दाराशी वीज तयार होते, आणि एक नळ ओला व्हायला मंजुरी लागते.

मी ती पाटी पुन्हा वाचली. सौजन्याने. आणि मला हसू आलं, आणि हसता हसता इतका राग आला की मी ग्लास नळाखालून ओढून घेतला. कारण सौजन्य कोण, हे मला ठाऊक आहे. मी त्याला पाहिलेलं आहे. त्याला चष्मा होता.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. त्यानंतर घरात धाकटी भावंडं होती आणि शाळा लांब होती, एवढं कारण पुरलं. लग्न झालं आणि ह्यांच्याबरोबर आगगाडीत बसून नागपूरला आले, तेव्हा ह्यांना सदर भागात एका रंगाच्या कंपनीच्या गोदामात काम होतं. तैलरंगाचे डबे चढवायचे, उतरवायचे. एक दिवस हे शिडीवरून पडले आणि पाठ गेली. कंपनीने ह्यांना या इस्पितळात आणलं, उपचाराचा सगळा भार उचलला, आणि ह्यांना उठता येईना तेव्हा मला इथे आयाचं काम मिळवून दिलं. पुढे हे जरा चालू लागल्यावर गोदामाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून परत घेतलं. हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे. मी उपकार विसरणाऱ्यांतली नाही. परक्या गावात, जिथे माझी भाषासुद्धा लोकांना नाटकातली वाटायची, तिथे आम्ही दोघं रस्त्यावर आलो नाही ते त्या कंपनीमुळे. त्या दिवसांत मी देवाला दिवा लावताना कंपनीचंही नाव घ्यायची.

पण एक गोष्ट तेव्हाही डोळ्यांत खुपायची. इस्पितळात ह्यांना ठेवलं होतं ती खोली कंपनीने बांधून दिलेली होती, म्हणून चादरींवर, उशांच्या अभ्र्यांवर, पाण्याच्या लोट्यावर, सगळीकडे कंपनीचं नाव छापलेलं. ह्यांचं नाव खाटेच्या पायथ्याशी एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, तेही चुकीचं. हे कण्हत कुशीवर वळायचे तेव्हा गाल बरोबर त्या नावावर यायचा. मी अभ्रा उलटा करून घालायची. नर्सबाई येऊन सुलटा करून जायच्या.

वच्छलामावशी भेटली ती त्याच उन्हाळ्यात. फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली तिची प्याऊ होती. आमच्याकडे पाणपोई म्हणतात, इथे प्याऊ. वाळूच्या ओट्यावर लाल मातीचे रांजण अर्धे गाडलेले, तोंडावर लाकडी झाकणं, आणि मावशीच्या हातात लांब दांडीचं पितळी ओगराळं. डोक्याला ओला दुपट्टा. समोर येईल त्याच्या ओंजळीत पाण्याची धार. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून रोग्याबरोबर आलेली माणसं तिथेच बसायची, तिथेच भाकरी सोडायची, डॉक्टर काय म्हणाले ते तिथेच एकमेकांना सांगायची. आत औषध मिळायचं. पण माणूस रडून आल्यावर तोंड धुवायला मावशीकडे यायचा.

पहिल्या दिवशी मी पाणी पिताना ओंजळ नीट धरली नव्हती. सगळं कोपरावरून पदरात. मावशी म्हणाली, "कुठची हायेस वं तू? पानी प्याले नाई शिकवलं का तुह्या मायनं?"

"कोकणातली."

"मंग बरोबर. तिकडं पानीच तुमाले पीत असंल." आणि त्या दिवसापासून मी तिची कोकणी झाले. "ये वं कोकणे, बस. काहून तोंड पाडून राहिली? मान्साची पाठ हाय, जुडते."

त्या रांजणांचा एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, कोणी सांगतही नव्हतं. माणूस बरा होऊन घरी निघाला की त्याच्या घरचं कोणीतरी पहाटे येऊन ओट्यावर एक कोरा रांजण ठेवून जायचं. आणि माणूस घरी गेलाच नाही, तरीही ठेवून जायचं. नाव नाही, गाव नाही. सकाळी मावशी यायची, नवा रांजण पाहायची, हात जोडायची आणि त्याला धुऊन पाण्याने भरायची. कोणता बऱ्या झालेल्याचा आणि कोणता गेलेल्याचा, हे तिला बहुधा ठाऊक असायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पान्याले काय फरक पडते?"

हे घरी आले तेव्हा मीही एक ठेवला. इतवारीच्या बाजारातून सायकलरिक्षाने मांडीवर धरून आणला होता. पहाटे वाळू थंडगार असते. ओट्यात तो बसवताना मला वाटलं, नागपुरात माझं म्हणून आता काहीतरी आहे. पुढे रोज येता-जाता मी त्याच्याकडे चोरून पाहायची. कोरा रांजण पहिले काही दिवस नुसता पितो. मग हळूहळू त्याच्या अंगावर ओल येते, तो पाझरू लागतो, आणि आतलं पाणी गार होतं. खालची वाळू भिजते. त्या वाळूत चिमण्या लोळायच्या, एक लंगडी कुत्री दुपारभर पोट टेकून पडायची, आणि कोणाच्या तरी भाकरीतून सांडलेल्या जवारीला तिथे हिरवे कोंब फुटायचे. रांजण माणसांना द्यायचा तो द्यायचाच. पण त्यातून पाझरायचं तेही कोणाच्या तरी उपयोगी पडायचं.

मग त्या ओट्यावर सौजन्य आलं.

आमच्याच रंगाच्या कंपनीतले एक साहेब. पाठक साहेब म्हणायचे त्यांना. जाहिरातीचं खातं त्यांच्याकडे. महाल भागात राहणारे, जुन्या घराण्यातले, बोलायला मृदू, चष्म्याची काच रुमालाने पुसत पुसत बोलायचे. पुढच्या एका उन्हाळ्याच्या तोंडावर ते आले, प्याऊ पाहिली, म्हणाले, "मावशी, कंपनीची इच्छा आहे की या कार्याला हातभार लावावा. वर पत्र्याचं छप्पर घालून देतो. हे रांजणही फार मळकट झालेत. रंगवून देतो."

छप्पर येणार म्हणून मावशी खूश झाली. मी तर जास्तच खूश झाले. मला वाटलं, माझ्या कंपनीने माझ्या मावशीला सावली दिली. दोन उपकार एका जागी आले. रांजण रिकामे करून टेम्पोत चढवायला मीही हात लावला.

परत आले तेव्हा ओळखू येईनात. सगळ्यांना वरपासून खालपर्यंत पिवळाजर्द तैलरंग, चकाकणारा, आणि प्रत्येकाच्या पोटावर निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. छपरावर मोठी पाटी, तिच्यावर 'सौजन्याने' आणि खाली कंपनीचं नेहमीचं बोधवाक्य, जे गोदामाच्या भिंतीवरही होतं: एक थेंबही झिरपणार नाही.

मावशीने मला पाटी वाचायला लावली. मी वाचली. ती म्हणाली, "हा सौजन्य कोन हाय वं?"

मला हसू फुटलं. पण तेवढ्यात पाठक साहेब चष्मा पुसत आले आणि मावशीने त्यांना हात जोडले. "या सौजन्यसाहेब." त्यांना वाटलं, बाई गौरव करते आहे. त्या दिवसापासून फाटकापाशी त्यांचं नाव तेच पडलं. रिक्षावालेही म्हणायचे, सौजन्य आला, बाजूले व्हा गा.

पाटीवरचं वाक्य खरं निघालं. एक थेंबही झिरपला नाही. रांजण पाझरेनात. अंगाला हात लावला तर कढईसारखे. खालची वाळू पहिल्याच आठवड्यात पांढरी पडली, जवारीचे कोंब करपले, लंगडी कुत्री दुसरीकडे निघून गेली. मातीची भोकंच बुजली, तर पाणी गार होणार कसं? एक म्हातारा, वर्धेकडचा, मुलाला आत ठेवून आलेला, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थबकला. गिळलं. म्हणाला, "माय, यात पत्ती टाक. चहा तरी होईल." सगळे हसले. तोही हसला. पण परत ओंजळ पुढे केली नाही. त्या हसण्याचा मला अजून राग आहे. तहानलेल्या माणसाला विनोद करायला लावणारं दान कसलं?

आणि माझा रांजण कोणता, ते मला आता ओळखता येत नव्हतं. सगळे एकसारखे पिवळे. बऱ्या झालेल्यांचे, गेलेल्यांचे, कोणी कुठून मांडीवर धरून आणलेले, सगळ्यांवर एकच नाव. ज्यांनी नाव सांगायचं नाही म्हणून पहाटे गुपचूप ठेवले, त्यांच्या रांजणावर ज्याने ठेवला नाही त्याचं नाव. याला काय म्हणतात? मी सहावी शिकलेली बाई. शिकलेल्यांनी सांगावं.

नवतपा लागला. नागपुरात ज्येष्ठाच्या त्या नऊ दिवसांत डांबर पायाला चिकटतं आणि कावळे चोच उघडी टाकून बसतात. मावशीने विचार केला आणि धान्यबाजारातून जुनं गोणपाट आणलं. रांजणांना गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि भिजवलं. मी कामावरून सुटले की बादली घेऊन त्यांच्यावर पाणी मारायची. वारा तापलेला होता, पण ओल्या गोणपाटातून तोच वारा गार होऊन जायचा. दुसऱ्या दिवशी पाण्याला जरा गारवा आला. पूर्वीसारखा नाही, तरी घशाला कळेल इतका. माणसं परत बसू लागली. मावशी म्हणाली, "घोंगडं पांघरलं बाप्पा सौजन्यानं. उन्हाळ्यात त्याले थंडी वाजून राहिली."

फक्त नाव झाकलं गेलं होतं.

पाठक साहेब आले. गोणपाट पाहून त्यांनी चष्मा काढला. "हे काय केलंत मावशी? शोभा गेली सगळी."

"शोभेले काय पेतेत का सायेब?"

"परवा आमचे मोठे साहेब येणार आहेत, वर्तमानपत्रवाले येणार आहेत. हे काढून टाका."

मी बादली खाली ठेवली. सदरच्या फाटकावर हे बसलेले होते आणि ती खुर्ची याच माणसाच्या कंपनीची होती. मी शक्य तितक्या गरिबीने म्हणाले, "साहेब, रंगाने मातीची भोकं बुजलीत. रांजण पाझरत नाही. पाणी तापतं. गोणपाट राहू द्या ना. पाहिजे तर नाव गोणपाटावर लिहा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. हसून म्हणाले, "अहो बाई, हे काय मला माहीत नाही? नागपूरचाच आहे मी. पण कंपनी खर्च करते तो कोणाला दिसायला नको?" आणि मग, चष्मा डोळ्यांवर चढवत, अगदी आपुलकीने: "तुमचे यजमान आमच्याकडेच आहेत ना? बरी आहे ना आता पाठ? कंपनीने तुमचं एवढं केलं. तुम्ही तरी असं बोलू नये."

पाठीची चौकशी. एवढंच केलं त्यांनी. पण मी देवापाशी ज्या उपकाराचं नाव घ्यायची, तो या माणसाने खिशातून काढून माझ्यासमोर धरला होता, नोकराला किल्ली दाखवावी तसा.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा डबा घेऊन मी सदरला गेले. हे फाटकावर नव्हते, पाठक साहेबांच्या खोलीत खुर्च्या लावत होते, म्हणून डबा द्यायला आतपर्यंत गेले. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी शिंपडलेलं, खोलीत वाळ्याचा गार वास. साहेब खोलीत नव्हते. टेबलाच्या बाजूला तिवईवर त्यांची सुरई होती. कोऱ्या लाल मातीची. अंगावर रंगाचा ठिपका नाही. मानेपासून बुडापर्यंत पांढरं मलमल गुंडाळलेलं, ओलंकच्च, आणि खाली बशी, पाझरलेलं पाणी धरायला.

मी तिथे उभी राहिले. हे म्हणाले, "काय झालं गो?" मी म्हटलं, काही नाही. काय सांगणार? बशीत थेंब पडत होते. पाठक साहेबांना सगळं माहीत होतं. कोणती माती, कोणतं कापड, किती ओलं. स्वतःच्या घशासाठी सगळं माहीत होतं. अज्ञानाने केलं असतं तर मी केव्हाच माफ केलं असतं. आम्ही अडाणी लोक रोज काहीतरी अज्ञानाने करतो. पण माहीत असून दुसऱ्याला गरम पाणी पाजायचं आणि वर त्याने पाटी वाचून आभार मानावेत अशी वाट पाहायची, हे मला तेव्हाही गिळता आलं नाही, आजही येत नाही.

परत येऊन मी मावशीला सुरईचं सांगितलं. ती बराच वेळ ओगराळ्याने झाकणावर टकटक करत बसली. मग उठून स्वतःच सुतळ्या सोडल्या आणि गोणपाटं काढून घडी घातली. मी म्हटलं, "मावशी, घाबरलात?"

"मी काहून घाबरू वं? त्यायले नाव पायजे. पाहू दे ना त्यायले नाव."

मोठे साहेब भर दुपारी आले. बरोबर कॅमेरेवाला. रांजण पिवळे, झगझगीत, उन्हात तळपत होते. नावाचं अक्षर न अक्षर दिसत होतं. भाषणात तहान हा शब्द खूप वेळा आला. मग पाठक साहेब पुढे होऊन म्हणाले, आता साहेब स्वतः या प्याऊचं पाणी ग्रहण करतील. कॅमेरेवाल्याने मोठ्या साहेबांना ओंजळ धरायला लावली. मावशीने ओगराळं खोल बुडवलं आणि धार धरली.

एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. थुंकता येईना, कारण समोर कॅमेरा. गिळलं. म्हणाले, "हे तर गरम आहे."

मावशी म्हणाली, "सौजन्याचं हाय सायेब." आणि धार सोडली नाही. "घ्या ना अजून. लोकं रोज हेच पेऊन राहिले."

फाटकापाशी बसलेल्यांतून कोणीच हसलं नाही. म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू आलं. मोठ्या साहेबांच्या ओंजळीतून पाणी मनगटावरून कोटाच्या बाहीत शिरत होतं. त्यांनी पाठक साहेबांकडे पाहिलं. पाठक साहेब चष्मा पुसत होते.

काही दिवसांनी टेम्पो आला आणि छप्पर, पाटी, रांजण, सगळं घेऊन गेला. रांजण कोणाचे होते, हे कोणी विचारलं नाही. माझाही त्यांतच गेला. ह्यांची नोकरी मात्र राहिली. पुढचे कित्येक महिने, ह्यांना घरी यायला जरा उशीर झाला की मी दारात जाऊन उभी राहायची. पण कोणी काही बोललं नाही. मला वाटतं, ते आम्हाला विसरूनच गेले. आमच्यावर केलेले उपकारसुद्धा विसरले असतील. मीच एकटी ते सांभाळून आहे. ह्यांची पाठ जोडली गेली ती खरी, त्याचे आभार मी मरेपर्यंत मानीन. पण आभार मी माझ्या मनाने मानीन. पाटी वाचून नाही.

टेम्पो गेला त्या दिवशी ओटा उघडा पडला होता. वाळूत नुसते गोल खड्डे. मावशी दिवसभर दुपट्टा बांधून निंबाखाली बसून राहिली, ओगराळं मांडीवर. आलेल्यांना सांगायची, "आज नाई बाप्पा, आज नाई." एवढं म्हणताना ती मला पहिल्यांदा म्हातारी झालेली दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले तर एका खड्ड्यात कोरा लाल रांजण बसवलेला होता. त्याच्या पलीकडे आणखी एक, जरा वाकड्या तोंडाचा. मावशीने हात जोडले आणि धुवायला घेतले. मी विचारलं, "कोणी ठेवले?"

"मले काय मालूम वं," ती म्हणाली, आणि रांजणाच्या पोटावरून ओला हात फिरवू लागली.

मावशी आता नाही. ते ओगराळं माझ्याकडे आहे, आणि उन्हाळ्यात सुटीच्या वेळी मी तिथे बसते. परवाच्या त्या स्टीलच्या कपाटाला अजून मंजुरी आलेली नाही. त्याच्या चकचकीत अंगात निंबाची सावली दिसते, आणि दुपारी त्याच्यावरून ऊन परतून थेट डोळ्यांत येतं. काल एक बाई दोन्ही नळ फिरवून पाहत होती. भंडाऱ्याकडची, नवरा आत, डोळे सुजलेले. मी हाक मारली, "इकडे ये गो, ते नुसतं वाचायचं आहे."

तिने ओंजळ धरली, पण नीट नाही. पाणी कोपरावरून पदरात. पुन्हा धरली. प्यायली, तोंड धुतलं, मग ओट्याकडे पाहत म्हणाली, "कोनाची हाय जी ही प्याऊ? पाटी नाई दिसत."

रांजण पाझरत होता. खालच्या वाळूत दोन चिमण्या पंख पसरून पडल्या होत्या. मी तिच्या ओंजळीत परत धार धरली आणि म्हणाले, "पी तू."